उशी घेऊन येणारा मिस्त्री

खिडकी करायला येणारा माणूस आधी टेप काढतो. हा आधी उशी काढायचा.

स्कूटरच्या मागे गुंडाळलेली चटई, तिच्यावर पट्ट्याने आवळलेली उशी आणि पायाशी हत्यारांची पेटी. असा तो कर्जतच्या बाजारातून निघाला की पानवाला हटकून विचारायचा, "काय मिस्त्री, आज कुनाकडं निजायला?" मिस्त्री स्कूटर थांबवून खरं उत्तर द्यायचा. "भिसेगावात. दोन ते चार." चेष्टा त्याला कळत नव्हती असं नाही. कोणी विचारलं तर सांगावं, एवढंच त्याला ठाऊक होतं.

मी त्याच्या हाताखाली सहा वर्षं काम केलं. माझं शिक्षण चौथी पास. बाहेरचा आवाज खोलीत कसा शिरतो हे मला आता इंजिनिअरपेक्षा बरं कळतं. ही बढाई नाही. इंजिनिअर लोक स्वतःच्या घराला खिडक्या करून घ्यायला आमच्याकडे यायचे, म्हणून सांगते.

त्याची पद्धत अशी. ज्याला आवाजाचा त्रास आहे त्याच्या पलंगावर, तो ज्या वेळी झोपतो त्याच वेळी, मिस्त्री स्वतः दोन तास पडायचा. पलंगावर आपली चटई अंथरायची, आपली उशी ठेवायची, हातात खडू घ्यायचा. त्याचा उजवा कान तरुणपणीच वखारीतल्या करवतीच्या आवाजाने नेला होता. म्हणून उजव्या कुशीवर पडायचं, चांगला कान वर. डोळा लागला तर लागू द्यायचा. आवाजाने जाग आली की भिंतीवर खडूची रेघ, आणि रेघेपुढे कशाने जाग आली ते. उठल्यावर घरमालकाला सांगायचा, "तुमी म्हनालात रेल्वे. रेल्वेनं मी एकदाच उठलो. जिन्यातल्या लोखंडी गेटनं चारदा. आधी गेटला रबर लावा, मंग खिडकीचं बघू." अशी निम्मी कामं तो स्वतःच घालवायचा.

स्वतःच्या घरी मात्र तो डाव्या कुशीवर झोपायचा. चांगला कान उशीत, बहिरा वर. "मला द्येवानं फुकटात खिडकी बसवून दिली," म्हणायचा. "समद्यांना बहिरं करता येत नाय, म्हनून धंदा करावा लागतो."

आमचं घर भिसेगावात, रेल्वेच्या यार्डापासून दोन गल्ल्यांवर. घाट चढवायला गाडीला लावतात ती इंजिनं तिथे उभी असतात, आणि येता-जाता भोंगा देतात. मला त्याचं काही नाही, लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते. पण माझा मुलगा खालापूरकडच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर आहे, कायमची रात्रपाळी. सकाळी आठला घरी येतो, नऊला झोपतो. सगळं गाव कामाला लागतं तेव्हा त्याची रात्र सुरू होते. भंगारवाल्याचा स्पीकर, टेंपो मागे घेताना वाजणारं गाणं, स्टेशनवरच्या सूचना. चाळिशी ओलांडल्यावर त्याची झोप तुटायला लागली. दोन तास झोपायचा, मग छताकडे बघत पडायचा. आणि प्रेसवरचं काम म्हणजे हात आत घालून पत्रा ठेवायचा, हात काढायचा, पायाने पेडल दाबायचं, वरून लोखंड खाली येतं. रात्रभर हेच. डोळ्यांवर झोप असलेल्या माणसाने करायचं काम नव्हे. त्याच्या शेजारच्या मशीनवरच्या माणसाची दोन बोटं गेली होती. मुलगा जेवायला बसला की मी त्याच्या ताटाकडे बघत नसे, हातांकडे बघत असे.

कोणीतरी मिस्त्रीला निरोप दिला. तो सकाळी साडेआठला उशी घेऊन दारात हजर. मुलगा न्याहारी करत होता. मिस्त्री त्याला म्हणाला, "आज तू भाईर पड रं. तुज्या जागंवर मी."

"आनि त्याची झोप?" मी विचारलं.

"एक दिस जाईल, वैनी. रोज जाते त्यापरीस बरं."

नऊला तो पडला. साडेनऊला घोरायला लागला. मी ओसरीवर शेजारणीबरोबर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. तिला म्हटलं, "सुतार बोलावला होता का जावई, काय कळत नाय." अकराला तो खडू झटकत बाहेर आला. मी आत जाऊन भिंत वाचली. भंगारवाला एक, टेंपो दोन, कुकर एक. इंजिनाच्या नावाने काहीच नव्हतं. उरलेल्या पाच रेघांपुढे 'वैनी' लिहिलं होतं.

"मी काय केलं?"

"बोललात."

"माज्या घरात मी बोलू पन नको?"

"बोला की. पन तुमी खिडकीखाली बसून बोलता. इंजन भोंगा देतं नि थांबतं. तुमी थांबत नाय." शेजारीण तोंडाला पदर लावून हसायला लागली. मिस्त्री चटई गुंडाळत म्हणाला, "जावई म्हनालात ते बी आलं आत. चांगलं खनखनीत आलं."

आठ दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही. पण शेंगा घेऊन मागच्या परसात बसायला लागले.

खिडकीला त्याने दीड महिना घेतला. त्याला घाई करावी म्हणून मी रोज पूल ओलांडून दहिवलीला त्याच्या कारखान्यात जाऊन बसायची. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड. तिसऱ्या दिवशी त्याने माझ्या मांडीवर रबरी पट्टीचं वेटोळं टाकलं आणि हातात पातं दिलं. "नुसतं डोळं वटारून बसू नका. ही कापा." तेव्हापासून मी तिथे कामाला. नोकरी दिली असं तो कधी म्हणाला नाही, आणि लागली असं मीही नाही.

त्याची खिडकी म्हणजे खिडकीच्या आत दुसरी खिडकी. जुनी काढायची नाही. आतल्या बाजूने नवी चौकट, मधे वीतभर पोकळी. बाहेरची काच बारीक असेल तर आतली जाड. दोन्ही सारख्या का नको, असं मी विचारलं तर म्हणाला, "सारख्या असल्या का एकीनं ऐकलेलं दुसरीला लगेच कळतं. एका वयाच्या जावांसारखं." सरकत्या खिडकीला तो हात लावत नसे. "ती फट ठेवूनच बांधलेली असती, नायतर सरकंल कशी?" त्याचा पल्ला बिजागरीवर फिरायचा. चौकटीला चारी बाजूंनी रबरी पट्टी, आणि कडी लावली की पल्ल्याने पट्टी चेपलीच पाहिजे. बंद खोलीत जीव घुसमटतो म्हणून मागच्या भिंतीला एक लाकडी पेटी बसवायचा, आतून काथ्याचं अस्तर लावलेली, दोन वळणांची. "हवा वळून येती. आवाज येता येता काथ्यात अडकतो." एप्रिलात तरी उकडायचंच. त्यावर त्याच्याकडे इलाज नव्हता, आणि नाही हे तो गिऱ्हाइकाला आधी सांगायचा.

शेवटी उदबत्ती. बंद खिडकीच्या कडेने आतून पेटती उदबत्ती हळूहळू फिरवायची, बाहेरून कोणीतरी सुपाने वारा घालायचा. धूर हलला की तिथे फट. "जितून वारा शिरतो तितून आवाज शिरनार," म्हणायचा. बाहेर सूप घेऊन मी. माझा दंड भरून आला तरी त्याचं "हां, घाला, घाला" चालूच.

लोकांच्या पलंगावर परक्या पुरुषाने पडायचं, हे सगळ्यांना चालायचं नाही. बाजारातल्या एका व्यापाऱ्याच्या घरी सून बाळंतीण होऊन आली होती, रस्त्याच्या आवाजाने बाळ झोपत नव्हतं. मिस्त्री उशी घेऊन गेला तर सासूने दारातच अडवलं. "आमच्या सुनेच्या खोलीत हा बाप्या निजनार?" दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "वैनी, आता माज्यासंगं चला."

"मी येऊन काय करू?"

"काय नाय. दारात बसा. म्हातारी बरुबर असली का लोक मला वैद्य समजतात."

गेले. त्या सासूने मला आपादमस्तक बघितलं, कुठल्या गावची, कोणाची, विचारलं, आणि चहा केला. सून नि बाळ माजघरात गेली, मिस्त्री आत पडला. तासाभराने मी डोकावले तर तो ओल्या फडक्याने भिंत पुसत होता. अर्धवट पुसलेलं 'सासू' मला दिसलं. बाहेर येऊन त्याने सासूला सांगितलं, "रस्ता हाय, आनि तुमचा तो टीव्ही हाय." वाटेत मी विचारलं, "माज्या घरचं का नाय पुसलंस?"

"तुमी भांडून मंग ऐकता. ती नुसतीच भांडली असती."

पुढे प्रत्येक घरी मी बरोबर. चटई मी अंथरायची, दारात मी बसायची. त्याला कामातला आळस माहीत नव्हता, पण हट्ट होता. दहिवलीच्या पुढे भातशेतात बंगला बांधलेले मुंबईचे एक निवृत्त गृहस्थ होते. पावसाळ्यात दिवसा बेडूक ओरडतात, दुपारी डोळा लागत नाही, अशी त्यांची तक्रार. मिस्त्री तिथे पडला आणि दोन तास मेल्यासारखा झोपला. भिंत कोरी. उठून त्यांना म्हणाला, "आवाज नाय. खिडकी लागत नाय तुमाला." बेडूक त्या वेळीही ओरडत होते. गृहस्थ आधी हसले, मग चिडले. वाटेत मी त्याला सुनावलं, "तू उठला नायस ते तुजं कान रं. झोप त्यांची मोडते." पुलावर तो म्हणाला, "खरं हाय तुमचं." पण परत गेला नाही. ते त्याचं चुकलं, असं मला अजून वाटतं.

आता माझं चुकलं ते.

पट्टी वेटोळ्यात गुंडाळून येते. मिस्त्रीचा नियम असा की ती सोडून एक रात्र फळीवर तशीच पडू द्यायची. "तिला आधी निजू द्या. मंग कापा. कापताना वढू नका." मी आयुष्यभर परकर, झबली शिवलेली बाई. इलास्टिक ओढूनच लावतात, आणि ओढून लावलं की वीतभर वाचतं, हे माझ्या हातात बसलेलं. तो समोर नसला की मी पट्टी ताणून धरायची आणि कापायची. उरलेले तुकडे डब्यात साठवायची आणि मनात खूश व्हायची. माझ्या मुलाच्या खिडकीची पट्टीही मी तशीच कापली.

खिडकी बसली त्या दिवशी उदबत्तीचा धूर सरळ वर गेला. मुलगा नऊला झोपला तो दोनला उठला. बाहेर येऊन त्याने विचारलं, "आज भंगारवाला आला नाय का?" भंगारवाला दोनदा येऊन गेला होता. पंधरा दिवस असे गेले. मुलाचा चेहरा भरला. मी परसातून पुन्हा ओसरीवर आले.

मग एका सकाळी त्याची पँट धुवायला घेतली तर खिशात कामावरचा हातमोजा निघाला. मधल्या बोटाचं टोक नव्हतं. कात्रीने कापावं तसं सरळ गेलेलं.

"हे काय रं?"

"मोज्याचं टोक आलं खाली. बोट नव्हतं त्यात."

"झोपला व्हतास?"

"पापनी लवली जरा."

मी त्याचे हात ओढून घेऊन बघितले. सगळं जागेवर होतं. "दिवसा झोपतोस ना आता?" तो खाली बघायला लागला. "आठ दिस झालं, आये, पुन्ना आवाज येतो. तू एवढी मरमर करून खिडकी केलीस, म्हनून बोललो नाय."

कपडे तसेच बादलीत टाकून मी दहिवलीला गेले. मिस्त्रीने मोजा घेतला, कापलेल्या टोकातून स्वतःचं बोट बाहेर काढून बघितलं, आणि उदबत्तीचा पुडा खिशात घातला. आमच्या घरी येऊन त्याने उदबत्ती फिरवली. बाहेर सूप माझ्याच हातात होतं. दोन्ही काचांतून मला दिसत होतं, चारी कोपऱ्यांत धूर फाटत होता.

त्याने पट्टी काढून चौकटीला लावून मोजली. प्रत्येक बाजूला ती अर्धं पेर आखूड भरली. ओढून कापलेलं रबर बसवताना बरोबर बसतं. मग ते आपल्या जागी परत जातं, आणि कोपरे उघडे पडतात. मुलगा तिथेच उभा होता. "काय झालं, काका?"

"माज्या हातून झालं," मिस्त्री म्हणाला. "पट्टी आखूड कापली ग्येली. उद्या दुसरी लावतो. आज रात्री रजा टाक."

त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. मी आजवर कोणापुढे गप्प बसलेली बाई नाही. त्या वेळी बसले.

दुपारी कारखान्यात जाऊन मी तो मोजा माझ्या टेबलासमोर खिळ्याला टांगला. नवी पट्टी फळीवर सोडून ठेवली. मिस्त्रीने मोजा बघितला, खिळ्यावरून काढला आणि माझ्या हातात दिला.

"राहू दे की. डोळ्यांसमोर असला म्हंजे हात चुकायचा नाय," मी म्हटलं.

"भिऊन कापली का लांब कापली जाती. लांब पट्टी फुगती, पल्ला लागत नाय. घरी न्या त्यो." आणि तो रंधा मारायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी बसवून झाली. धूर सरळ गेला. तरी मिस्त्री उशी घेऊन आत पडला. मुलगा मधल्या खोलीत बसून होता. मिस्त्रीने दार लावायच्या आधी मला सांगितलं, "वैनी, ओसरीवर बसून बोला. रोजच्यासारखं. आवाज कमी करू नका."

शेजारीण घरी नव्हती. खिडकीखाली एकटीने बसून काय बोलायचं? आधी मी त्यालाच चार शिव्या घातल्या. दीड महिना लावलास, माझ्या भिंतीवर माझं नाव लिहिलंस, लोकांच्या गाद्यांवर घोरतोस. मग बोलता बोलता मी पट्टीवर आले. ओढून कापली ती मी, वीत वाचवायला कापली ती मी, तू तीनदा सांगितलं होतंस तरी कापली. डब्यात एवढे एवढे तुकडे आहेत. पोराचं बोट गेलं असतं तर ते तुकडे घेऊन मी काय करणार होते? हे सगळं मी खणखणीत आवाजात बोलले. रस्त्यावरचा दूधवाला सायकल धरून उभा राहिला, त्यालाही ऐकू गेलं.

तासाभराने मिस्त्री बाहेर आला. खडूचं टोक कोरं होतं.

"एक बी रेघ नाय," तो म्हणाला.

"काहीच ऐकलं नायस?"

"नाय. बोललात ना?"

"बोलले. मंग परत सांगते. पट्टी मी वढून कापली. तुज्या हातून नाय झालं, माज्या झालं."

"ते काल पट्टी काढली तवाच कळलं. वढून कापलेल्या पट्टीचं टोक आत वळलेलं असतं."

"मंग पोराला का सांगितलंस, तुज्या हातून म्हनून?"

तो उशीला पट्टा आवळत होता. "मिस्त्रीवर राग धरून झोप येते मानसाला. आईवर राग धरून येत नाय. त्याला आज झोपायचं हाय."

त्याच संध्याकाळी मी मुलाला खरं सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि भाकरी मोडून खायला लागला. दुसऱ्या दिवशी नऊ ते दोन झोपला. म्हणजे मिस्त्रीचा तेवढा अंदाज चुकला.

मिस्त्री जाऊन आता दोन वर्षं झाली. दुपारी जेवून स्वतःच्या घरी पडला होता, डाव्या कुशीवर. चहाला उठवायला बायकोने दारातून तीन हाका मारल्या. चांगला कान उशीत आहे, ऐकू गेलं नसेल, असं तिला वाटलं. मग चहा घेऊन जवळ गेली.

कारखाना त्याची मुलगी चालवते. तिचा हात बापापेक्षा साफ आहे आणि ती दीड महिना लावत नाही. पट्ट्या मीच कापते. वेटोळं सोडते, एक रात्र पडू देते, मग फळीवर जशी आहे तशी कापते. उशी मुलीने मला दिली. गिऱ्हाइकाच्या घरी आता मी पडते, खडू घेऊन. मला झोप लागत नाही, म्हणून रेघा जास्त येतात. मुलगी त्यातल्या निम्म्या सोडून देते. बरोबर करते.

माझ्या घरची खिडकी तशीच आहे. सकाळी नऊला मुलगा आत गेला की मी ओसरीवर बसून शेजारणीशी हव्या त्या आवाजात बोलते. बाराच्या सुमाराला उठून एकदा हळूच दार उघडते. तो पालथा झोपलेला असतो, दोन्ही हात चादरीबाहेर. मोजायची गरज नसते. तरी मोजते.